नव्या रिंगा, जुनी भिंत

जालना जिल्ह्यात अंबड किंवा घनसावंगीकडे मोसंबीच्या बागेत गेलात, तर विहिरीच्या काठावर छपराखाली एखादं डिझेल इंजिन दिसेल. वीज गेली की बागेची भिस्त त्याच्यावरच. पण इंजिन जुनं झालं की निळा धूर सोडतं, ऑइल पितं आणि हँडल मारून मारून हात दुखले तरी सुरू होत नाही. विहिरीत पाणी आहे, पण झाडाला मिळत नाही, अशी पंचाईत! मग घरात चर्चा सुरू होते. काका म्हणतात, ‘‘नुसत्या रिंगा टाका, स्वस्तात भागेल.’’ मिस्त्री म्हणतो, ‘‘आधी लायनर मोजू द्या.’’ बरोबर कोण? चला, इंजिनाच्या पोटातच डोकावू.

सिलिंडर म्हणजे लोखंडी नळा आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. नळ्याला आतून बदलता येणारं अस्तर असतं, तो लायनर. पिस्टन घट्ट बसवला तर तापल्यावर फुगून अडकेल. सैल ठेवला तर दाबलेली हवा निसटेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबून इतकी तापवतात, की डिझेल आपोआप पेटतं. हवा निसटली की पेटणं बंद!

यावर उपाय म्हणजे रिंग. पूर्वी वाफेच्या इंजिनात चरबीत भिजवलेले दोरीचे पेड पिस्टनला गुंडाळत. १८५२ साली इंग्लंडमधले रेल्वे इंजिनिअर जॉन रॅम्सबॉटम यांनी एका जागी चिरलेली, स्प्रिंगसारखी उघडू पाहणारी धातूची रिंग काढली. तीच युक्ती आजही चालते. वरच्या रिंगा दाब धरतात, खालची ऑइल रिंग भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडते.

आता थोडं गणित. किर्लोस्करांच्या पाच हॉर्सपॉवरच्या ‘ए. व्ही. १’ इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आहे. पिस्टन एका फेऱ्यात ११० मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली जातो. मिनिटाला फेरे १५००. म्हणजे रिंग मिनिटाला ३३० मीटर आणि तासाला जवळजवळ २० किलोमीटर घासते! तीन तास पाणी दिलंत, तर समजा जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला पोचली.

एवढं घासल्यावर भिंत झिजणारच, पण ती सारखी झिजत नाही. वरच्या टोकाला उष्णता आणि दाब जास्त, ऑइल कमी. तिथे झीज सर्वांत जास्त. रिंग पोचत नाही तो काठ मात्र तसाच राहतो आणि बारीक पायरी तयार होते. नवी रिंग त्या पायरीवर आपटून मोडू शकते. शिवाय गोल नळा लंबगोल झाला असेल, तर गोल रिंग त्याला चिकटेल कशी? म्हणून वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं असं मोजायचं. झीज मर्यादेबाहेर असेल, तर लायनर बदलायचा किंवा बोअर करून मोठ्या साइजचा पिस्टन आणि त्याच साइजच्या रिंगा घालायच्या. मोठी रिंग कानशीने घासून जुन्या नळ्यात कोंबली, तर नळा काही गोल होत नाही.

झीज मर्यादेत असेल, तर रिंगा बदलून भागतं. पण भिंत तयार करावी लागते. घासून घासून ती आरशासारखी चकचकीत झालेली असते आणि तेच वाईट! आजीला विचारा, पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाल्याला का बोलावत? इथेही ‘होनिंग’ करून भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा पाडतात. पाट्याच्या टाक्यांनी मिरची वाटली जाते. या रेघांत मात्र ऑइल टिकतं आणि नवी रिंग भिंतीशी जुळते. मग गरम पाणी आणि साबणाने भिंत स्वच्छ धुवायची. पांढरं फडकं फिरवलं तर पांढरंच निघालं पाहिजे. राहिलेली भुकटी नवी रिंगच खाऊन टाकते. धुतल्यावर लगेच ऑइल लावायचं, नाहीतर गंज चढतो.

रिंग निवडतानाही जोडी पाहायची. क्रोमची रिंग टिकाऊ, पण क्रोम चढवलेल्या लायनरमध्ये ती चालत नाही. दोन्ही एकमेकांना ओरखडतात. शेवटी रिंग नळ्यात सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. रिंग सिलिंडरपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली, तर ८० मिलिमीटरच्या रिंगेची फट सुमारे ०.२८ मिलिमीटरने कमी होते. फटच नसेल तर टोकं भिडतात आणि रिंग भिंत ओरबाडते.

तेव्हा काका बरोबर की मिस्त्री, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणजे पहिला मान मिस्त्रीचाच!

तुमच्यासाठी कोडं : व्यासाच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिलिमीटर फट असा साधारण अंदाज धरतात. नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत असतो. मग १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला किती फट हवी? आणि हो, चालू इंजिनाला हात लावायचा नाही. जुनी रिंग मिस्त्रीकाकांकडून मागून घ्या आणि तिची चीर पाहा.

(उत्तर : ०.४ मिलिमीटर)