येळवशीची पंगत आणि रोजचे ताट

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत गोदावरीच्या काठी तीन मोठ्या संस्था जवळजवळ उभ्या आहेत. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, १९८१ पासूनचे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कंधार, मुखेड, देगलूर, अहमदपूर अशा तालुक्यांतून भाकरीवर वाढलेली मुले येथे शिकायला येतात. आईने फडक्यात बांधून दिलेली भाकरी दोन दिवस पुरते. पुढे मात्र पाव, नूडल्स आणि बिस्किटांचा पुडा हेच जेवण होऊन बसते. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय त्याच परिसरात असावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेही असून आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच परिषदेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहाराशी जोडला. म्हणजे प्रश्न औषधाच्या दुकानात सुटणारा नाही. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात शोधावे लागेल.

उत्तर फार दूरही नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय घटक असतात. तेवढ्याच मैद्यात ते जेमतेम पावणेतीन ग्रॅम भरतात. धान्याचे वरचे आवरण काढून टाकले की जे उरते ते लवकर पचते आणि रक्तातील साखरही लवकर वाढवते. ज्वारी सालासकट दळली जाते. तिच्यात ग्लुटेन नसल्याने पिठाला चिकटपणा येत नाही, म्हणून ते गरम पाण्यात मळून हातावर किंवा परातीत थापावे लागते. सोबत तुरीचे वरण, अंबाडीची किंवा करडईची भाजी आणि ताक आले की ते ताट पूर्ण होते.

ऋतुमानानुसार आहार हा आपल्या परंपरेने शास्त्राइतकाच गांभीर्याने घेतलेला विषय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येची स्वतंत्र प्रकरणे आहेत. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, तेव्हा स्निग्ध आणि पौष्टिक अन्न घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. ग्रंथ न वाचलेल्या शेतकऱ्याने तेच सूत्र सणात बांधले. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत तसेच सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे सारे घर शेतात जाते. लातूरकर तिला प्रेमाने ‘येळवस’ म्हणतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग पंगत बसते. तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली ज्वारीची आंबील, गुळाची गव्हाची खीर. यातील बहुतेक जिन्नस त्या दिवशी शिवारात उभेच असतात. परगावी गेलेली मुले परततात आणि शेत नसलेल्यालाही आग्रहाने बोलावले जाते. आरोग्य, शेती आणि समरसता एकाच पंगतीत बसते.

मग ही पंगत वर्षातून एकदाच का उरली? १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आली, पुढे स्वस्त गहू-तांदूळ आले. पोळी प्रतिष्ठेची ठरली आणि भाकरी गरिबीची खूण. शिवारही बदलले. खरिपातील ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, तर संकरित ज्वारीचा ३,६९९. काढणीची मजुरी आणि पाखरांचा उपद्रव सोसून शेतकऱ्याने कमी भावाचे पीक का घ्यावे? त्याला दोष देता येणार नाही. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर दावणीची जनावरे कमी झाली आणि घरचे दूध-ताकही आटले, हा तोटा कोणत्याच हमीभावात दिसत नाही.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, ही अभिमानाची गोष्ट. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्ताचे प्रमाण अधिक असलेले ज्वारीचे वाणही दिले आहे. परंतु बाजाराने या गौरवाची बिस्किटे केली. साखर आणि पामतेल घातलेला चकचकीत पुडा केवळ ‘मिलेट’ लिहिल्याने पौष्टिक होत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. भाकरी परत यावी असे पुरुषांनी म्हणायचे आणि तव्यापुढे घरातील स्त्रीने एकटीनेच उभे राहायचे, हा संस्कृतीचा अभिमान नव्हे. नोकरी करून दमून आलेल्या गृहिणीने पाव आणला तर तिला बोल लावण्याचा अधिकार त्यालाच, ज्याला भाकरी थापता येते. मुलगा असो वा मुलगी, वसतिगृहात जाण्यापूर्वी त्याला किंवा तिला वरण-भाकरी आणि एक पालेभाजी करता आली पाहिजे.

आरंभ लहान असावा. आठवड्यातून चार दिवस भाकरी, वर्षाची ज्वारी ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट आणि योग्य भावाने, बैठकीत बिस्किटांऐवजी फुटाणे किंवा हुरडा, वसतिगृहाच्या खानावळीत निदान एकवेळ ज्वारी. मागणी उभी राहिली तर पेराही वाढेल. विष्णुपुरीतील एखाद्या मुलाने सुटीत घरी येऊन स्वतः परात पुढे ओढली, तर येळवशीची पंगत वर्षभर चालू राहील.