इंटरनेटचे शिक्षण आणि गावचे वाचनालय
केरळ शासनाने २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षया’ योजना आरंभिली. घरटी किमान एका माणसास संगणकाची ओळख करून देणे, हा तिचा उद्देश. २०१९ साली तेथील उच्च न्यायालयाने इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. परंतु हक्क मान्य होणे वेगळे आणि तो बजावता येणे वेगळे. हाती मोबाइल आला म्हणून शेतकऱ्याला सातबारा काढता येतो किंवा ओटीपी मागणारा भामटा ओळखता येतो, असे नव्हे. त्यासाठी शिकविणारा माणूस आणि मातृभाषेतील पुस्तक हवे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९६७ च्या कायद्यान्वये अनुदान मिळणारी सार्वजनिक वाचनालये गावोगाव आहेत. हे शिक्षण तेथे विनामूल्य मिळाले पाहिजे. अन्यथा ज्ञानाचे हेही साधन मूठभरांची मिरासदारी ठरेल.