‘प्रशासकच बरा होता!’

मुरुडच्या समुद्रकाठी सुरूच्या झाडांखाली सायंकाळी जी सुशिक्षित मंडळी जमतात, त्यांच्या तोंडून हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येते. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायती मिळून २८८ संस्थांच्या निवडणुका झाल्या. त्यांत मुरुड-जंजिरा नगरपरिषदेचीही झाली. २०१६ साली निवडून आलेल्या सभेची मुदत संपून तेव्हा चार वर्षे होत आली होती, आणि तेवढा काळ शहराचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. प्रचाराचे कर्णे वाजू लागले, भिंती रंगल्या, जुने हेवेदावे नव्या झेंड्यांखाली उभे राहिले. आणि आमच्या मंडळींनी उसासा टाकला, ‘याहून प्रशासकच बरा होता!’ हे वाक्य उच्चारणारे लोक दुष्ट नाहीत, मूर्खही नाहीत. ते प्रामाणिक करदाते आहेत. म्हणूनच त्यांच्या वाक्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते. कारण दुष्टांच्या हातून लोकसत्तेचे जितके नुकसान होते, त्याहून अधिक ते अशा सज्जनांच्या कंटाळ्याने होते.

त्यांचा पक्ष प्रथम त्यांच्याच बाजूने मांडू. नगरसेवक ठेक्यांकडे डोळे लावून असतात. सभा म्हणजे भांडणांचा आखाडा. गटारापेक्षा गटबाजीचीच चर्चा अधिक. याउलट प्रशासक हा शिकलेला, नियम जाणणारा, कोणाच्या जातीपातीत नसलेला, आणि मुख्य म्हणजे मतांची भीक न मागणारा अधिकारी. बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाला दिवे, पाणी आणि झाडलोट हवी. ती जो नीट करील तो आमचा राजा. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, आणि त्यातील नगरसेवकांचे वर्णन सर्वस्वी खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हीही करणार नाही.

तथापि आमच्या मित्रांनी हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेऊन पाहावा. पाणी देतो तो राजा, हेच जर प्रमाण, तर मुरुडकरांनी १९४८ साली फार मोठी चूक केली असे म्हटले पाहिजे. मुरुड ही जंजिरा संस्थानची राजधानी. गारंबीच्या डोंगरातले धरण नबाबी अमदानीत बांधले गेले आणि त्याचे पाणी शहर आजही पिते. पाण्याच्या कसोटीवर नबाब कोणत्याही प्रशासकास हार जाणार नाही. असे असता जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहितांसारख्या कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली या संस्थानातील प्रजा उठली, आणि त्याच वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, ते कशासाठी? नबाबाचे पाणी खारट होते म्हणून नव्हे. तर पाणी कोणी, कोणास, किती द्यावे हे विचारण्याचा अधिकार प्रजेला नव्हता म्हणून. जो प्रशासकाची स्तुती करतो तो नकळत या उठावणीवर बोळा फिरवतो. सनदी अधिकारी आणि नबाब यांत पोशाखाचा व पदवीचा भेद असेल. ज्याला आपण निवडले नाही आणि दूर करू शकत नाही तो राज्यकर्ता, या व्याख्येत दोघेही बसतात.

ही गोष्ट एका परक्या व्हाइसरॉयला समजली होती. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा जो ठराव प्रसिद्ध केला, त्याचे सार असे की, या संस्था मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून नव्हेत, तर लोकांना राजकीय शिक्षण मिळावे म्हणून निर्माण करावयाच्या. आरंभी चुका होतील हे गृहीत धरूनच त्याने हे लिहिले. चुका करण्याचा अधिकार हा शिकण्याच्या अधिकाराचाच दुसरा अर्धा भाग आहे, हे ज्याला पटत नाही त्याने शाळाही बंद कराव्यात. कारण प्रशासकाने सोडविलेली गणिते मुलांच्या गणितांपेक्षा निश्चितच बिनचूक असतील!

रिपनच्याही आधीचे एक उदाहरण याहून बोलके आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे ठरले तेव्हा त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळण्यास फुल्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला, आणि विरोधाचे मत एकट्या फुल्यांचे पडले. ते एक मत निष्फळ गेले असे कोण म्हणेल? आज त्या सभेतील बाकीच्या सभासदांची नावे कोणास ठाऊक नाहीत. सभागृहाचे मोल यातच आहे. तेथे बहुमत मूर्ख असू शकते, स्वार्थी असू शकते; परंतु तेथे एक माणूस उभा राहून ‘नाही’ म्हणू शकतो, आणि ते ‘नाही’ इतिवृत्तात नोंदले जाते. प्रशासकाच्या राजवटीत सभा आणि सभाध्यक्ष एकच व्यक्ती असते. ठराव मांडणारा तोच, अनुमोदन देणारा तोच, मंजूर करणाराही तोच. तेथे हात वर करावयास दुसरा माणूसच नसतो. गेल्या चार वर्षांत आम्ही नगरसेवकांचे दुर्गुण गमावले हे खरे. पण त्यांच्याबरोबर ते एक रिकामे आसनही गमावले.

ही चार वर्षे आभाळातून पडली नाहीत. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे असा दंडक घातला. २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणास तीन अटी लावल्या. त्या अटी पुऱ्या करणे हे सरकारचे काम होते. ते तत्परतेने करण्याऐवजी मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकारच निवडणूक आयोगाकडून काढून सरकारच्या हाती दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सत्ताधारी व विरोधक या एका कामी एकमत झाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे सरकारे बदलली, निवडणुका मात्र लांबतच गेल्या. अखेर मे २०२५ मध्ये न्यायालयाने आज्ञा केली तेव्हा कोठे चक्र हलले. आरक्षणाचा प्रश्न न्याय्य होता यात शंका नाही. परंतु न्याय्य प्रश्नाच्या आड राहून राज्यभर चार चार वर्षे प्रशासक बसविणे ही सोय कोणाची झाली? ज्यांच्या हाती प्रशासकाच्या बदलीचा कागद असतो त्यांची!

आता दुसरा आक्षेप. सभा असती तरी तिने काय केले असते, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर नगरसेवकांच्या चारित्र्यात नव्हे, कायद्यात शोधले पाहिजे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या नावे अठरा विषय लिहिलेले आहेत. मात्र ते द्यावेत की नाहीत हे राज्याच्या मर्जीवर सोपविले आहे. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे मुख्याधिकारी सरकार नेमते. सभेचा ठराव कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकारी तहकूब करू शकतात. नगररचनेच्या आराखड्यास अंतिम मंजुरी सरकारची. निवडून आलेल्या अध्यक्षासही सरकार दूर करू शकते. जकात हे नगरपरिषदांचे स्वतःचे मोठे उत्पन्न होते. गेल्या शतकाच्या अखेरीस ती उठवून त्याजागी अनुदान आले, म्हणजे कमावत्या मुलाला खाऊचे पैसे लावून दिले. मुरुडचा किनाराच पाहा. तेथील बांधकामावर किनारा नियमनाच्या अधिसूचनेचा अंमल. बंदराचा धक्का सागरी मंडळाचा. ज्याच्या नावावर पर्यटक येतात तो जंजिरा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा. आणि पर्यटक परत गेल्यावर मागे उरणारा कचरा तेवढा नगरपरिषदेचा! हातपाय बांधून पाण्यात टाकावयाचे आणि मग पोहता येत नाही म्हणून हसावयाचे, असा हा न्याय आहे.

दूरच्या कारभाराचे अज्ञान किती महाग पडते हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दाखविले. मुरुड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. भरपाई जाहीर झाली ती हेक्टरी ५०,००० रुपये या हिशेबाने. आता या किनाऱ्यावर वाडी गुंठ्यांनी मोजतात आणि तिची किंमत झाडांवर करतात, हे येथील शाळकरी पोरही सांगेल. एका पिढीने लावलेली पोफळ दुसरी पिढी खाते. पुढे ओरड झाली तेव्हा झाडागणिक दर लावणे सरकारास भाग पडले. मंत्रालयातील माणसे निर्दय होती असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी वाडी पाहिली नव्हती, एवढेच.

येथे काही उत्साही मंडळी म्हणतील, यास्तव कोकणाला स्वतंत्र विकास मंडळ हवे, आणि अधिकार प्रदेशाकडे यावेत. ही मागणी ऐकावयास गोड आहे. घटनेच्या ३७१ (२) कलमानुसार १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळे झाली. कोकण त्यांत ‘उर्वरित’! सातशेवीस किलोमीटरच्या किनाऱ्याला स्वतःचे नावही मिळाले नाही, याचा सल आम्हांसही आहे. परंतु त्या मंडळांवर माणसे नेमलेली असत, निवडलेली नव्हेत. आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली तेव्हा मुरुडच्या बाजारात कोणाला चुकल्यासारखेही वाटले नाही. लोकांनी न निवडलेल्या संस्थेच्या मरणाचे सुतक लोकांना येत नाही. विकेंद्रीकरण हे सत्तेचे अंतर मोजून ठरत नसते. मंत्रालयातून निघालेली सत्ता बेलापूरच्या कोकण भवनात येऊन थांबली, तर मुरुडकराची एस.टी.ची वाट काही कमी होईल. त्याची पराधीनता कमी होणार नाही.

जिल्हा नियोजन समितीचीही तीच कथा. घटनेने तिचे चार-पंचमांश सभासद जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या लोकनियुक्त सभासदांतून निवडावयास सांगितले. पण आमच्याकडे अध्यक्षस्थानी बसतात पालकमंत्री. जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्र्यांची नेमणूक जाहीर झाली आणि एकाच सरकारातील दोन पक्षांच्या ओढाताणीत लगेच स्थगित झाली; मग कित्येक महिने जिल्हा ‘पोरका’ असल्याच्या बातम्या छापून येत होत्या. त्या काळात जिल्हा परिषद आणि नगरपरिषदा प्रशासकांच्याच हाती होत्या, म्हणजे घरातली कर्ती माणसे आधीच बाहेर काढलेली. त्याबद्दल मात्र कोणी हळहळले नाही. प्रौढ माणसांना पालक हवा कशाला, हा प्रश्न एकाही वृत्तपत्राला सुचू नये याचे नवल वाटते. मार्च २०२४ मध्ये कोकणच्या चार किनारी जिल्ह्यांतील १,६३५ गावांसाठी सिडकोस विशेष नियोजन प्राधिकरण नेमल्याची अधिसूचना निघाली. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली जन्मलेली ती संस्था. तिच्याकडे अशा गावांचे भवितव्य सोपविणे हे विकेंद्रीकरण खचित नव्हे.

हा रोग आमच्यापुरता नाही. ज्या इंग्लंडकडून आम्ही नगरपालिका शिकलो, तेथील सरकारने डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत विकेंद्रीकरणाच्याच नावाने लहान जिल्हा-सभा मोडून पाच लाख वस्तीच्या मोठ्या संस्था करण्याची योजना मांडली. प्रदेशाला महापौर मिळावयाचा आणि गावाची सभा जावयाची, असा तो सौदा आहे. याच्या उलट उदाहरणासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही. याच समुद्राच्या काठाने दक्षिणेस जावे. केरळाने १९९६ साली राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हाती देण्याचे ठरविले. तेथेही भांडणे झाली, चुका झाल्या. पण त्या चुका लोकांच्या स्वतःच्या होत्या, आणि म्हणून दुरुस्तही त्यांनाच करता आल्या.

तेव्हा मागावयाचे ते एवढे: निवडणुकीचा दिवस सरकारच्या सोयीवर राहू नये, अठरा विषय मर्जीने नव्हे, कायद्याने मिळावेत, राज्याच्या महसुलाचा ठरीव हिस्सा मागणीअर्जाविना यावा, मुख्याधिकारी सभेला उत्तरदायी असावा, आणि नियोजन समितीचे अध्यक्षपद मंत्र्याकडे नव्हे, लोकनियुक्त सभासदाकडे असावे. दिल्लीने महाराष्ट्राचा वाटा दाबला अशी तक्रार मुंबईत बसून जे करतात, त्यांनी तीच तक्रार मुरुडच्या तोंडून ऐकण्याची तयारी ठेवावी.

आणि शेवटी चार शब्द आम्हांस स्वतःस. घरपट्टी थकवून नगरसेवकास शिव्या देणे, वर्षात एकदाही सभेच्या प्रेक्षककक्षात न बसणे, मताच्या दिवशी सहलीस जाणे, आणि मग सुरूखाली बसून प्रशासकाची आठवण काढणे, हा उद्योग सुशिक्षितांनी सोडला पाहिजे. नवी सभा वाईट निघाली तर पाच वर्षांनी ती घालविता येईल. तोवर तिला रोज प्रश्न विचारता येतील. प्रशासकाला आम्ही प्रश्न विचारले नाहीत, कारण ते विचारावयाचे कोठे हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

गारंबीचे पाणी गोड आहे. नबाबाच्या वेळीही ते गोडच होते. १९४८ साली आमच्या वडीलधाऱ्यांना तहान लागली होती ती वेगळीच. आणि ती आम्हांस लागेनाशी झाली असेल, तर दोष नगरसेवकांचा नव्हे.