जाडीचे काय?

युरोपी रेपियरच्या प्रतिकृती जमवणारा माणूस भारी चिकित्सक, असा समज आहे. मूळ तलवार कुठल्या संग्रहालयात आहे, तिचा क्रमांक काय, मुठीभोवती कड्या किती, त्यांतली कुठली खालून वळते, सगळे त्याला पाठ. एखादी कडी कमी निघाली तर तो विक्रेत्याला धारेवर धरतो. पात्याची जाडी मात्र विचारत नाही.

रेपियरची करामत त्या जाडीतच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कारागिराने पाते मुठीपाशी भरीव ठेवले आणि टोकाकडे पातळ करत नेले. मुळाशी सात-आठ मिलिमीटर, टोकाजवळ दोन-तीन. म्हणूनच पाते मीटरभर लांब असूनही तलवार सव्वा किलोच्या आसपास राहते आणि तिचे वजन हाताशी येते. कापो फेर्रोचा तलवारबाजीवरचा ग्रंथ १६१० मध्ये सिएनात छापला गेला. त्या काळच्या इटालियन उस्तादांचा नेहमीचा डाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पात्याखालून टोक पलीकडे काढणे, तेही मनगट जेमतेम हलवून. टोक जड असेल तर हा डाव जमणार नाही.

स्वस्त प्रतिकृतीचे पाते सरसकट एकाच जाडीच्या पट्टीतून कापतात. रुंदी निमुळती करतात, कारण ती फोटोत दिसते. जाडी दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते. गिऱ्हाईक पैसे मोजते तलवारीच्या नकलेचे. घरी येते ती तिच्या फोटोची नक्कल.

आपल्याकडचे जुने गिऱ्हाईक अधिक शहाणे होते. फिरंग तलवारीसाठी दख्खनमध्ये युरोपातून पाती येत आणि मूठ इथली बसे. ज्याची पारख करायची, त्याचीच ती खरेदी होती. आजच्या संग्राहकाचा सौदा नेमका उलटा आहे.

माहिती मिळत नाही, ही सबबही अर्धीच खरी. संग्रहालयांच्या सूचीत लांबी, रुंदी, वजन असते, जाडी क्वचित, हे मान्य. पण लंडनचे वॉलेस कलेक्शन आपल्या तलवारींचा तोल मुठीपासून किती सेंटिमीटरवर साधतो, तेही देते. तेवढा आकडा पुरे. नवी तलवार बोटावर आडवी धरावी, ती कुठे स्थिर राहते ते पाहावे, आणि पट्टीने मोजावे. याला कारागिरी लागत नाही. जाडी मोजणारेही आहेत. स्वीडनचे पीटर जॉन्सन मध्ययुगीन तलवारी हातात घेऊन मोजतात, मग घडवतात. अशा कामाचे दाम जास्त असते, आणि गिऱ्हाईक तिथेच अडखळते.

‘भिंतीवरच तर टांगायची आहे,’ असे यावर उत्तर येते. ठीक. मग विक्रेत्याशी कडीवरून भांडण कशासाठी?