तिथे काय बघायचं, दगड?

तर झालं असं, की मार्चच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून कुठेतरी चालायला जायचं ठरलं. आमच्या घरात 'कुठेतरी' म्हणजे नाणेघाट. मंचर, घोडेगाव, नारायणगाव इकडच्या माणसांची ही सवयच आहे. जुलैत नाणेघाट, ऑगस्टात आहुपे, आणि उरलेले आठ महिने डोंगर बंद! मी म्हटलं, या वेळी उलट्या दिशेला जाऊ. आण्याच्या पठारावर, आईच्या माहेरी. शनिवारी बोरीला कुकडीचा काठ बघू, रात्री मामाकडे मुक्काम, आणि रविवारी गुळुंचवाडीच्या नैसर्गिक पुलापासून ओढ्याच्या पात्रातून जमेल तितकं चालू.

"मार्चमध्ये? तिथे काय बघायचं, दगड?" इति वहिनी. (वहिनी हे वाचणार आहे. वहिनी, तू असंच म्हणाली होतीस.)

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात ताईने ॲरिझोनातून फोटो पाठवले होते. लाल कडे, कोरडी घळ, तळाशी ताई-भाऊजी आणि दोन्ही मुलं, प्रत्येकाच्या पाठीवर पाण्याची पिशवी. त्यावर आमच्याकडून अंगठे, बदाम आणि "वाव"चा पाऊस पडला. तिथेही दगडच होते की! पण ते परदेशचे दगड. आपल्या शेजारच्याच तालुक्यात, बेल्ह्याच्या पुढे आणे घाटाजवळ, पाण्याने कातळ खालून पोखरून ओढ्यावर अख्खा पूल तयार केलाय, हे आमच्या घरातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. नगरकडे जाताना गाडी तिथूनच जाते. कोणी थांबत नाही.

शनिवारचं फार सांगत नाही. बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि तिथेच आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी त्यावर बरंच काम केलंय. राख किती जुनी यावर विद्वानांचे वाद झाले. अनेकांच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे 74,000 वर्षांपूर्वीची. पुतण्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "एवढ्या लांबून उडत आली?" आणि पाच मिनिटं मोबाईल खिशात राहिला. माझ्या दृष्टीने ट्रिप वसूल.

रविवारी मात्र खरी गोष्ट घडली.

निघायला उशीर झाला. मामीने पोह्यांचा आग्रह केला, मग चहा, मग पुन्हा चहा. ओढ्यात उतरेपर्यंत साडेदहा वाजले. आम्ही सात जण, आणि पाणी सात लिटर. मला तेव्हा ते भरपूर वाटलं होतं. पूल बघून सगळे गप्प झाले, वहिनीसुद्धा. कमानीखाली चांगलं गार होतं. खालून बघताना वरच्या कातळाची जाडी अंगावर येते. मग पात्रातून चालायला लागलो. गोल गुळगुळीत धोंडे, मध्येच वाळू, दोन्ही बाजूंना बाभळी आणि निवडुंग. पावसाळ्यात याच जागी आपण उभे राहू शकणार नाही, हे दगड बघूनच कळतं.

एका वळणावर आई थांबली. वाळूत एक खड्डा होता, कोरडा. म्हणाली, "असाच झिरा असायचा आमचा. नरोटीने हंडा भरायचा. पहाटे नंबर लावायला यायचो, उजाडल्यावर हंडा भरायचा." बहात्तरच्या दुष्काळात आई चौदा वर्षांची होती. त्या वर्षाबद्दल ती आम्हा भावंडांशी कधी सलग बोललेली नाही. आमच्या मंचरच्या घरात नळ धो धो वाहतो आणि ती अजूनही भांडी विसळलेलं पाणी कुंड्यांना घालते. आम्ही त्याला 'आईची खोड' म्हणायचो. त्या खड्ड्यापाशी उभं राहिल्यावर मला त्या शब्दाची लाज वाटली.

आई बोलत असतानाच पुतण्याने पिशवी जड होते म्हणून बाटलीतलं अर्धं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. आई काही बोलली नाही. ओल्या वाळूकडे बघत राहिली.

एक वाजेपर्यंत पाणी संपलं. काळा कातळ तापला की खालून भाजतो, वरून भाजतं ते वेगळंच. माझी लेक सहावीत आहे, ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "बाबा, डोळ्यांपुढे काळं येतंय." मी घाबरलो, सरळ सांगतो. तिला बाभळीच्या सावलीत बसवलं. दादा गाडीकडे पळायला निघाला. आई मात्र काठ चढून वरच्या वस्तीत गेली आणि एका बाईला घेऊन आली. त्या माउलीच्या हातात भरलेली कळशी आणि पदरात गुळाचा खडा. आम्ही सगळे प्यायलो. लेकीला बरं वाटलं. मग कळलं, ते पाणी त्यांनी लांबून डोक्यावर आणलेलं होतं. पैसे देऊ केले तर त्या हसल्या आणि आईला म्हणाल्या, "माहेरवाशिणीकडून घेऊ व्हय?"

जुन्नर तालुक्यात पाच धरणं आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, चिल्हेवाडी. पठार उंचावर. पाण्याची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. 2018 साली तालुका 'पर्यटन तालुका' म्हणून जाहीर झाला आणि आमच्यासारखे फिरायला येऊ लागले.

दादा परतीच्या वाटेवर म्हणाला, "म्हणूनच सांगत होतो, पावसाळ्यात यायला हवं." मला हे पटत नाही. हिरवा डोंगर सगळ्यांनाच आवडतो, त्यात आपलं काय? मुलांना ही बाजूही चालत दाखवायला हवी, नाहीतर आजीची खोड त्यांना खोडच वाटत राहणार. आणि पावसाळ्यात अशा पात्रात मुलांना घेऊन उतरायचं तर मुळीच नाही. 12 ऑगस्ट 1997 ला ॲरिझोनाच्या ॲन्टिलोप कॅन्यनमध्ये लोंढा येऊन 11 जण गेले. पाऊस तिथे नव्हे, कित्येक मैल दूर पडला होता. आपला ओढाही तोच नियम पाळतो.

पण चूक माझीच होती, हेही लिहून ठेवतो. कोरड्या मुलखात माणशी एक लिटर नेणं हा अडाणीपणा. माणशी तीन तरी हवं, सूर्योदयाला निघायला हवं आणि दहाच्या आत सावलीत परत. कोणाच्या कळशीवर भरवसा ठेवून निघायचं नाही. ताईने फोनवर मला अर्धा तास झापलं. तिच्या पाठीवरच्या त्या पिशवीला मी 'अमेरिकन थाट' म्हणालो होतो, तेही तिने ऐकवलं.

पुढच्या खेपेला थंडीत जायचं ठरलंय, आण्याला रंगदास स्वामींच्या यात्रेला. तिथे मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते आणि गावोगावच्या भाकरी येतात. आईने त्या बाईंना तसं सांगून ठेवलंय. पुतण्याने कालच विचारलं, आमटी फार तिखट असते का, आणि पाणी किती न्यायचं?