सुशोभीकरण आवरा!

नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला एका शब्दाची धडकी भरते. सुशोभीकरण! खाडीकाठी कुठे हा बोर्ड लागला की समजायचं, आजवर तिथे जे शोभत होतं त्याचे दिवस भरले. पुढची रेसिपी ठरलेली असते. रंगीत पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, हायमास्ट दिवे, आणि फोटो काढायला फायबरचा गुलाबी फ्लेमिंगो. खरा येवो न येवो, हा बाराही महिने हजर. आमच्या शहराला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणतात, त्यामुळे हे एकदम कॉन्सेप्टला धरून झालं म्हणायचं!

आता लगेच "तुम्हा पर्यावरणवाल्यांना काहीच नको असतं" असं म्हणू नका. मला वाट हवीच आहे, चांगली हवी आहे. पण वाट आणि प्रॉमिनाड यात फरक आहे की नाही?

आधी फ्लेमिंगोचं टाइमटेबल बघा. ओहोटी लागली की ठाण्याच्या खाडीतला चिखल उघडा पडतो. वाकड्या चोचीने त्यातलं शेवाळ गाळून खाणं हे यांचं काम. साधारण सहा तासांनी भरती येते, चिखल पाण्याखाली जातो. मग हे हजारो पक्षी टेकायचे कुठे? काठाच्या उथळ तळ्यांवर. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा, पलीकडे भांडुप. पुन्हा ओहोटी की पुन्हा खाडीत. रात्रीसुद्धा हेच चालू असतं, कारण भरती-ओहोटीला ऑफिस टायमिंग नाही.

खाडीचा १,६९० हेक्टर भाग २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ ला रामसर यादीतही गेला. छान झालं. पण भरतीच्या वेळची तळी बहुतेक या हद्दीच्या बाहेर! आणि साहेब लोक पाहणीला ओहोटीच्या वेळी गेले की तळं रिकामं दिसतं. रिकामं म्हणजे पडीक, पडीक म्हणजे प्लॉट. सीपीयू शून्य टक्के दिसला म्हणून स्टँडबाय सर्व्हर भंगारात काढणारा अ‍ॅडमिन तुम्ही पाहिलाय का? हे तेच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळला काय झालं ते आठवत असेल. खाडीचं पाणी आत यायच्या वाटा बंद झाल्या, तळं आटलं, आणि मेलेले-जखमी फ्लेमिंगो सापडायला लागले.

मग माणसांनाच बंदी घाला, असं म्हणणारे काही मित्र आहेत. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. जिथे कोणीच चालत नाही तिथे रात्री डेब्रिजचे डंपर येतात. सकाळी मफलर गुंडाळून फिरणारे आजी-आजोबा हा खाडीचा सगळ्यात स्वस्त सीसीटीव्ही आहे. सीवूड्सच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि टॉवर येणार होते, त्याविरुद्ध तिथले रहिवासीच कोर्टात गेले आणि २०१८ ला उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ती जागा त्यांनी रोज पाहिलेली होती. न पाहिलेल्या गोष्टीसाठी कोण वकिलाची फी भरतो?

तर वाट कशी हवी? दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकतील एवढीच रुंद. काठावर असेल तर मातीची. खारफुटीत शिरणार असेल तर खांबांवर उचललेली लाकडी, म्हणजे खालून पाणी, खेकडे, निवट्या सगळ्यांची ये-जा चालू राहील. तिवराच्या झाडाखाली चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं पाहिली असतील, झाड त्यातून श्वास घेतं. ती तुडवली किंवा त्यावर राबिट टाकलं की झाड गुदमरतं. एक पक्की वाट असली की लोक दहा ठिकाणांहून चिखलात उतरत नाहीत. वाटेचं खरं काम हेच आहे, माणसांना एका रेषेत ठेवणं. (हे टेलिफोटोवाल्यांनाही लागू आहे. अजून दोन पावलं, अजून दोन पावलं करत अख्खा थवा उडवायचा आणि त्याला 'टेक-ऑफ शॉट' म्हणायचं!) दिवे नकोत. अंधार पडला की गेट बंद.

हे काही स्वप्नरंजन नाही. आपल्यातले निम्मे लोक सिंगापूरला ऑनसाइट जाऊन आलेत. तिथलं सुंगेई बुलोह कितीजणांनी पाहिलं? जुनी कोळंबीची तळी होती ती. पक्षी बघणाऱ्या लोकांनी १९८६ साली ती वाचवायची मागणी केली, १९९३ ला ती लोकांसाठी उघडली, २००२ ला राखीव जाहीर झाली. लाकडी वाटा आहेत, फटींतून पक्षी बघायचे आडोसे आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळ्यांच्या झडपा. स्थलांतराच्या दिवसांत पाण्याची पातळी मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे बाहेर भरती असताना पक्ष्यांना आत उभं राहता येतं. तिथे पाण्याचं गणित आधी आहे, वाट त्यानंतर. आपल्याकडे आधी उद्घाटनाची तारीख ठरते.

कायदा आपल्याकडेही आहे हो. खारफुटीभोवती ५० मीटरचा बफर मोकळा ठेवा असं उच्च न्यायालयाने २०१८ सालीच सांगितलंय. पण २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत अतिसंवेदनशील पट्ट्यातसुद्धा इको-टुरिझमच्या नावाखाली मँग्रोव्ह वॉक, नेचर ट्रेल आणि चक्क ट्री हट बसवता येतात. पहिल्या दोघांना माझी हरकत नाही. तिवराच्या झाडावर हट कोण बांधणार, आणि त्यात कोण राहणार, हे मात्र मला कोणीतरी समजावून सांगा!

तुमच्या भागात असा बोर्ड लागला तर सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे देत बसू नका. वॉर्ड ऑफिसात जाऊन कागदावर लेखी विचारा: भरतीचं पाणी कुठून आत येणार, तो मार्ग साफ कोण करणार, रात्री दिवे किती? पेव्हर ब्लॉकच्या रंगावर हरकती घ्यायला बाकीचे असतातच. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात. पाण्याच्या वाटा त्याआधी मोकळ्या व्हायला हव्यात, रेलिंगला रंग नंतर दिला तरी चालेल.