हार घालण्यापेक्षा फॉर्म भरा

७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. घटना लिहिण्याआधी हा माणूस कायदा शिकवत होता, हे आपण विसरतोच. विद्यार्थी दिनाला हार, भाषणं, फोटो सगळं होतं. पण सातारा-सांगलीची पोरं एलएलबी झाली की सनद काढतात आणि थेट कोर्टाची पायरी चढतात. एलएलएम करून घटना शिकवावी, हे कुणी सुचवतच नाही. क्लॅट पीजीचा पेपर फक्त इंग्रजीत. २०२५ च्या परीक्षेला फॉर्मचेच ४,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना ३,५००. शेतमजुराच्या पोरीनं भरायचे कुठून? इथल्या लॉ कॉलेजांनी शेवटच्या वर्षात इंग्रजीचा सराव घ्यावा. आणि यंदा हाराच्या वर्गणीतून निदान दोन फॉर्म भरावेत.